पावसात न पडलेली खुंटी

"मावशी, पेटी उलटी धरली, हलवली, हलकेच आपटलीसुद्धा. खुंटी पडतच नाहीये."

गेल्या जुलैत भाचीचा दापोलीहून फोन आला. तिच्या वाढदिवसाला मी केलेली सागाची पेटी होती ती, आणि आत तिच्या शिकवणीच्या मुलांच्या फीचे पैसे. तिला म्हटलं, आता अजिबात आपटू नकोस आणि पटाशी-स्क्रूड्रायव्हर तर लावूच नकोस, रविवारी घेऊन ये. बाहेर चार दिवस पाऊस उघडला नव्हता. काय झालं असणार याचा अंदाज मला फोनवरच आला होता, आणि चूक माझी होती हेही कळलं होतं.

पेटी साधी दिसते. नऊ इंच लांब, चार इंच रुंद, तीन इंच उंच. कडी नाही, बिजागरी नाही, कुलूप नाही. समोरची आणि मागची फळी पक्की चिकटवलेली. आखूड बाजूंना दोन फळ्या : एक जाड, पाच सुतांची, तीही पक्की. दुसरी पातळ, ती वरखाली सरकते. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारकामात मी सुतातच विचार करायला लागले आहे, मिलिमीटर फक्त व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाचं साधन, हातात घेतल्यावर.) झाकण दोन सूत जाडीचं, लांब फळ्यांच्या खाचेत बसलेलं. ते पातळ फळीच्या बाजूने बाहेर यायला हवं, पण पातळ फळीची वरची कड त्याच्या वाटेत उभी. ती फळी खाली सरकली तर वाट मोकळी होईल, पण ती उभी आहे तळाच्या फळीवर. तळ जाड फळीकडे तीन सूत सरकला की पातळ फळीच्या खालचा आधार निघतो. आणि तळ सरकू नये म्हणून जाड फळीच्या पोटात एक उभं भोक, त्यात खुंटी. पेटी सरळ असली की खुंटी आपल्या वजनाने घसरून तळातल्या खळग्यात बसते. पेटी उलटी केली की ती मागे जाते आणि तळ सुटतो.

म्हणजे उघडायची रीत अशी : पेटी उलटी करायची, तळ जाड फळीकडे सरकवायचा, पेटी सरळ करायची, पातळ फळी खाली ओढायची, झाकण बाहेर. तळाची जाडीही मी मुद्दाम तीन सूतच ठेवली, म्हणजे पातळ फळी खाली उतरली तरी तळाच्या बरोबरीने थांबते आणि पेटी टेबलावर सपाट बसते. ही गोष्ट सुचली त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

खुंटी मी शिसवीची केली होती. काळीभोर, गुळगुळीत, वजनदार. केली फेब्रुवारीत. भोकात इतकी बरोबर बसली होती की पेटी उलटी केली की आत 'टक्' असा एकच आवाज यायचा. त्या आवाजासाठीच मी भोक अगदी बेताचं ठेवलं. जुलैत चिपळूण-दापोलीच्या हवेत ती खुंटी फुगली आणि भोकात घट्ट रुतून बसली.

हे मी इतकं सविस्तर लिहिते आहे कारण लाकडाची कोडी करायला लागल्यापासून मला सगळ्यात जास्त ज्याने शिकवलं ते हेच : लाकूड कापल्यावरही हलत राहतं. पावसाळ्यात हवेतलं पाणी पितं, थंडीत सोडतं. आणि ते सगळीकडून सारखं फुगत नाही. रेषेच्या दिशेने, म्हणजे झाड जसं उभं वाढलं त्या लांबीत, जवळजवळ काहीच फरक पडत नाही. फुगतं ते आडवं, रुंदीत. खुंटीची लांबी तेवढीच राहिली, जाडी वाढली. माझ्याकडे झाकणासाठी कापून ठेवलेली सागाची एक पट्टी आहे, तिच्यावर मी वर्षभर नोंदी ठेवल्या. जानेवारीत रुंदी ८८.१ मिलिमीटर, ऑगस्टमध्ये ८८.९. जेमतेम पाऊण मिलिमीटर म्हणाल, पण सरकत्या पेटीत पाऊण मिलिमीटर म्हणजे बंद दार. आणि साग त्यातल्या त्यात शहाणं लाकूड. आंब्याचं तर विचारूच नका.

या नादाला मी लागले ते आजीच्या फणेरपेटीमुळे.

तरुण वाचकांसाठी सांगते : फणेरपेटी म्हणजे बायकांची वेणीफणीची पेटी. झाकणाच्या आतून आरसा, आत खण. एका खणात फणी, एकात कुंकू, एकात मेण. तेव्हा कपाळावर आधी मेण लावून त्यावर कोरडं कुंकू टेकवायची पद्धत होती. आजीच्या पेटीत चोरकप्पा आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी लहान असताना तिने एकदा पाठमोरी बसून तो उघडलेला मी पाहिला, म्हणजे खरं तर फक्त तिचे खांदे हललेले पाहिले. कसा उघडायचा ते तिने आईलाही सांगितलं नाही. आजी गेली आणि कप्पा तसाच बंद राहिला.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमचं घर तळमजल्यावर होतं. आम्ही वरच्या बिऱ्हाडात गेलो. पाणी उतरल्यावर खाली आलो तर घरभर गुडघाभर चिखल, आणि लाकडी पलंगाखाली त्या चिखलात फणेरपेटी. मी ती धुऊन पडवीत सावलीला ठेवली. तिसऱ्या दिवशी उचलली तर झाकण एका हातात आलं आणि बाकीचे तुकडे जमिनीवर पडले. जुन्या पेट्या सरसाने चिकटवलेल्या असत. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला तो डिंक पाण्यात विरघळतो. फुटलं काहीच नव्हतं. पेटी सुटी झाली होती, इतकंच.

सतरा तुकडे होते आणि आरसा. प्रत्येक सांध्याच्या आतल्या अंगाला करणाऱ्याने टोच्याने खुणा ओरखडल्या होत्या : एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा, एक फुली. एक रेघवाली बाजू एक रेघवालीला, दोनवाली दोनवालीला. कोण जाणे किती वर्षांपूर्वीच्या कुणा सुताराने स्वतःच्या सोयीसाठी मारलेल्या त्या रेघा होत्या, आणि त्या दिवशी पडवीत बसून मी त्या एखाद्या पत्रासारख्या वाचत होते. कुंकवाच्या आणि मेणाच्या खणांमधली पट्टी वर उचलली जात होती, फार नाही, दोन सूत. तेवढी उचलली की मेणाच्या खणाचा तळ पट्टीखालून कुंकवाच्या खणात सरकायचा. खाली बोटभर खोल जागा. त्या सरकत्या तळाच्या कडा इतक्या गुळगुळीत होत्या की मी नखाने खरवडून पाहिलं. मेण! ज्या खणात मेण, त्याच्याच तळाला मेण चोळलेलं. सरकत्या लाकडाला तेल कधी लावू नये, ते धूळ धरतं आणि चिकट होतं. मेण लावावं. आजीला ते हाताशीच होतं.

कप्प्यात मोत्याची एकच कुडी होती. जोडीतली दुसरी कुठे गेली हे सांगायला आता कोणी नाही.

पुरानंतर दारं-चौकटी बसवायला आमच्याकडे जे मिस्त्री आले त्यांनी ते सतरा तुकडे पाहिले. "हे टाकू नका वहिनी. ह्यात एक खिळा नाही बघा. हे परत उभं राहील." मी विचारलं, मला शिकवाल का? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी पतसंस्थेत खातेवह्या सांभाळणारी बाई, वय तेव्हा शेहेचाळीस, हातात कधी रंधा धरलेला नाही. म्हणाले, "आधी धार लावायला शिका. लाकडाला नंतर हात लावा."

आठ दिवस मी फक्त धार लावली. चार सुतांची एक पटाशी, तेलाचा दगड, आणि रोज संध्याकाळी एक तास. पटाशीचं पोट दगडावर सपाट, मग उतार एकाच कोनात. मिस्त्री येता-जाता बघायचे, पात्यावर नख टेकवायचे. नख घसरलं तर मान हलवायचे आणि निघून जायचे. नवव्या दिवशी नख अडकलं. मग त्यांनी पुरात गेलेल्या खिडकीच्या चौकटीचा एक तुकडा मला दिला. वरून काळा, चिखलाचा वास येणारा, पण रंध्याचे चार हात मारल्यावर आतून सोनेरी सागच.

त्या चौकटीतून मी पहिलं कोडं केलं, सहा दांड्यांचं. सहा चौकोनी दांड्या एकमेकींत अडकून तीन दिशांनी फुली होते ते. चीनमध्ये त्याला लू बानचं कुलूप म्हणतात. लू बान म्हणजे तिकडच्या सुतारांचं आराध्य, आपल्याकडे विश्वकर्मा तसा. माझ्या दांड्या सहा सूत जाड आणि तीन इंच लांब, म्हणून खाचांचं माप सगळं तीन सुतांच्या पटीत. एक दांडी अखंड, ती शेवटी जाते आणि सगळं आवळून धरते.

नुसत्या करवतीने आणि पटाशीने सरळ खाच पाडून करता येतील आणि आत पोकळी न ठेवता भरीव जुळतील असे दांड्यांचे २५ प्रकार आहेत, आणि त्यांच्यापासून ३१४ वेगवेगळी कोडी जुळतात. बिल कटलर नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने हे संगणकावर मोजलं. पुढे पोकळीवाली सगळी धरून त्याने १९९० पर्यंत जी मोजदाद पुरी केली तो आकडा ३५,६५,७१,३१,२३५ आहे. मी हिशेबाची माणूस, हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. सहा काड्यांमध्ये एवढं सगळं असतं!

पण पहिल्या खेपेला माझ्या सहा दांड्या जुळल्याच नाहीत. प्रत्येक दांडी मी वेगळी कापून वेगळी रंधली होती. कुठे केसभर जाड, कुठे केसभर बारीक. एका खाचेत दोन दांड्या शेजारी बसतात, म्हणजे चूक दुप्पट होते, आणि पुढच्या खाचेत आणखी वाढते. मिस्त्रींनी उपाय सांगितला तो आजही मी सोडत नाही : आधी एकच लांब पट्टी रंधून चारी बाजूंनी गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणायची, मग त्यातून सहाच्या सहा दांड्या कापायच्या. चुकली तर सगळ्यांची जाडी सारखीच चुकेल, आणि खाचा त्या जाडीवरूनच आखायच्या, फूटपट्टीवरून नाही. दांडी खाचेवर ठेवायची, कडेला धारदार सुरी लावून रेघ मारायची. पेन्सिल नको, पेन्सिलच्या रेघेला स्वतःची जाडी असते. खाच रेघेच्या आतून कापायची आणि शेवटचा पापुद्रा पटाशीने काढायचा. बरोबर जमलं की दांडी आत जाताना अंगठ्याला हवा दाबल्यासारखं वाटतं.

मग मी सोमा घन केला. हे डेन्मार्कच्या पीट हाइनचं कोडं, १९३० च्या दशकातलं. २७ लहान घन चिकटवून सात तुकडे, एक तीन घनांचा आणि सहा चार-चार घनांचे, आणि त्या सातांचा पुन्हा एक मोठा घन. उत्तरं २४०. पतसंस्थेतल्या शिपायाच्या मुलाने आतापर्यंत त्यातली एकोणीस शोधून मला कागदावर काढून दिली आहेत. हा घन नव्याने शिकणाऱ्याने जरूर करावा, कारण त्यात करवत कमी आणि फेव्हिकॉल जास्त. एकच काळजी : घनाच्या सहा बाजूंपैकी दोन बाजू आडव्या छेदाच्या असतात, जिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं दिसतात. ती तोंडं फेव्हिकॉल पिऊन टाकतात आणि सांधा कच्चा राहतो. शक्य तिथे उभ्या रेषेच्या बाजू एकमेकींना लावायच्या, आणि छेदाची बाजू टाळताच येत नसेल तर तिला आधी एक पातळ हात देऊन वाळू द्यायचा, मग दुसरा.

लाकडाच्या बाबतीत एकदा फसले. एका वखारीतून 'पूर्ण वाळलेला' म्हणून साग आणला, पैसे चांगले मोजले, आणि पंधरा दिवसांत फळ्या पन्हाळीसारख्या वाकल्या. वाईट वाटलं ते पैशांपेक्षा लाकडाचं. आता मी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरते. आणलेला तुकडा तोलायचा, त्यावर तारीख आणि वजन लिहायचं, दर रविवारी परत तोलायचं. माझा एक तुकडा १,२४० ग्रॅमवरून १,०८५ ला आला आणि तिथे तीन रविवार थांबला, तेव्हा कापायला घेतला. याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

भाचा जपानात योकोहामाला नोकरीला आहे. त्याने सुट्टीत हाकोनेला जाऊन माझ्यासाठी एक पेटी आणली. हाकोनेचा डोंगराळ भाग या पेट्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यांना तिकडे हिमित्सु-बाको म्हणतात, म्हणजे गुपिताची पेटी. मोजमाप त्यांच्या जुन्या 'सुन' मध्ये, एक सुन म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर. आमची सुतं आणि त्यांचे सुन, मला फार आपलेपणा वाटला. पेटीवर आकार आणि किती हालचालींत उघडते तो आकडा सांगतात. माझी चार सुनांची, दहा हालचालींची. वरची नक्षी रंगवलेली नाही. वेगवेगळ्या नैसर्गिक रंगांच्या काड्या चिकटवून एक ठोकळा करतात, त्याच्या तोंडावर नक्षी उमटते, आणि मग रंध्याने त्या ठोकळ्याचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढून पेटीवर डकवतात. एका ठोकळ्यातून एकाच नक्षीचे कितीतरी पापुद्रे. ही कला तिथे १९ व्या शतकापासून चालत आली आहे.

मी ती पेटी तीन संध्याकाळी उघडत होते. बाजूची फळी दोन मिलिमीटर सरकते आणि थांबते. का थांबली ते कळत नाही. मग दुसरी बाजू हलते. जोर कुठेच लागत नाही, आणि जिथे जोर लावावासा वाटतो तिथे वाट चुकलेली असते. त्यांच्या फळ्यांतली रेषा मी भिंगाने पाहिली आणि मला माझी पातळ फळी आठवली. मी तिची रेषा उभी ठेवली होती, दिसायला छान म्हणून. उभी रेषा म्हणजे फळी समोरून मागे फुगणार, आणि नेमकं तेच माप खाचेत बेताचं बसवलेलं. रेषा आडवी ठेवली की फळी फुगेल ती उंचीत, आणि उंचीत थोडी जागा देता येते. मी ती फळी काढून दुसरी केली. दिसायला जुनी जास्त सुंदर होती, पण नवी ऑगस्टमध्येही सरकते.

फणसाचं पिवळं, शिवणीचं फिकं आणि शिसवीचं काळं, हे तीन रंग घेऊन मीही एक ठोकळा चिकटवला आहे. पापुद्रे अजून फाटतात. रंध्याचं पातं आणखी बारीक लागायला हवं. फणसाचा पिवळा काही वर्षांत तपकिरी होईल हे मला ठाऊक आहे, तरी तो आजचा पिवळा सोडवत नाही.

तर भाचीची पेटी. रविवारी ती एसटीने आली, पेटी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली. इकडे पावसाळ्यात कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून कपाटात छोटा बल्ब लावून ठेवतात, त्या कपाटात मी पेटी उलटी करून ठेवली. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली असती तर सांधे तडकले असते. पहिला दिवस, दुसरा दिवस, काही नाही. रोज रात्री कपाट उघडून कान लावायचे. चौथ्या दिवशी पहाटे मी चहा ठेवत होते आणि आतल्या खोलीतून 'टक्' असा आवाज आला.

पैसे जसेच्या तसे निघाले. शिसवीची खुंटी मी काढून घेतली आणि तिच्या जागी चार मिलिमीटरची पितळी सळई बसवली. त्यासाठी जुन्या भोकात लाकडाची दट्टी ठोकून पाच मिलिमीटरचं नवं भोक पाडलं. पितळ हवेतलं पाणी पीत नाही. आवाज मात्र बदलला, आता जरा किणकिणतं. भाचीला नवा आवाज आवडला. मला जुना आवडायचा.

आजीची फणेरपेटी मी मागच्या हिवाळ्यात उभी केली, रेघेला रेघ आणि फुलीला फुली लावून. फेव्हिकॉल की सरस यावर मिस्त्रींशी दोन दिवस बोलणं झालं. त्यांचं म्हणणं फेव्हिकॉल, कारण पूर परत यायचा. मी सरस वितळवला. बाहेरच्या भांड्यात गरम पाणी, आत सरसाचं लहान भांडं. वास घरभर झाला, यजमान दोन दिवस अंगणात जेवले. पण सरसाने जोडलेली पेटी ओल्या फडक्याने पुन्हा सोडवता येते, आणि आतल्या खुणा पुढच्या माणसाला दिसतात. सतराव्या तुकड्याच्या आतल्या अंगाला मी टोच्याने माझी एक बारीक रेघ मारली आहे. कुडी पुन्हा कप्प्यात ठेवली. कसा उघडायचा ते भाचीला दाखवलं, तिला समोर बसवून.